न सांगता आलेला वार

मी नागावला कवायत मास्तर म्हणून गेलो तेव्हा गावाला माझी गरज होती असं मुळीच नाही. गावाला गरज होती ती सुपारीला बरा भाव मिळण्याची आणि रहाटाला चांगला बैल मिळण्याची. पण त्या दिवसांत शाळाशाळांतून मुलांना लाठीकाठी शिकवायचं वारं सुटलं होतं. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकतीच ओसरली होती आणि आपली पोरं अंगानं धट्टीकट्टी हवीत असं जो तो म्हणत होता. शेजारच्या गावानं मास्तर ठेवला, म्हणून नागावच्या शाळेच्या कमिटीनंही ठेवला. शेजाऱ्यानं गाय घेतली की आपल्याही गोठ्यात एक बांधावी, तसा मी बांधला गेलो.

माझं मूळ गाव पालीच्या बाजूचं. आईवडील लवकर गेले. काकांच्या घरात एक तोंड जास्त झालं होतं, ते मी स्वतःच कमी केलं आणि घाटावरच्या एका संस्थानात जाऊन पडलो. तिथं एका म्हाताऱ्या मुसलमान वस्तादानं मला पदरात घेतलं. त्याच्या आखाड्यात मी झाडलोट केली, त्याच्या म्हशीचं शेण काढलं आणि बिनोट शिकलो. हल्ली हा शब्दच फारसा कोणाला ठाऊक नसतो. बिनोट म्हणजे रिकाम्या हातानं हत्यारवाल्याला आवरायची विद्या. समोरचा लाठी घेऊन येवो की सुरा घेऊन, आपल्या हातात फार तर एक रुमाल. वार चुकवायचा, मनगट धरायचं, त्याचाच जोर वापरून त्याला फिरवायचं आणि जमिनीवर बसवायचं. बघणाऱ्याला वाटतं जादू झाली. मला स्वतःलाही तसंच वाटायचं, आणि हीच पुढं पंचाईत झाली.

आमच्या आखाड्यात दोन नियम होते. पहिला असा, की वार करणाऱ्यानं वार आधी पुकारायचा. 'शीर!' म्हटलं की काठी डोक्यावर येणार. 'कमर!' म्हटलं की कमरेवर. 'तमाचा!' म्हणजे कानशिलावर. नाव घ्यायचं, मग मारायचं. वस्ताद म्हणत, न सांगता मारतो तो चोर. या नियमात शहाणपण होतं यात वाद नाही, नाहीतर रोज कोणाचं तरी डोकं फुटलं असतं. दुसरा नियम कोणी सांगावा लागत नसे. वस्तादावर खरा हात उचलायचा नाही. त्यांच्यावर जो वार करायचा तो ताटात वाढल्यासारखा पुढं ठेवायचा आणि त्यांनी मनगटाला हात लावला की छानपैकी पडायचं. मीही पडत असे. माझ्याइतकं सुबक कोणी पडत नसे, म्हणून तर मी त्यांचा लाडका.

नागावला आल्यावर पडण्याचं काम पोरांकडे गेलं आणि मी उभा राहणारा झालो. वरच्या वर्गातली पंधरा-सोळा वर्षांची दांडगी मुलं माझ्यावर लाठी घेऊन धावत, 'शीर!' असं ओरडत, आणि मी हात लावतो न लावतो तोच मातीत लोळत. उठून माझ्या पाया पडत. पालक लांबून बघत आणि माना डोलवत. मला फार बरं वाटायचं. संध्याकाळी खोलीवर आलो की ते बरं वाटणं कुठं जायचं कोण जाणे.

खोली एका वाडीच्या टोकाला होती. माझ्या बाजूला माड, माडांखाली पोफळी, आणि त्यापलीकडे रहाट. दिवसभर रहाटाची कुरकुर कानावर असे. तो थांबला की मला चुकल्यासारखं व्हायचं, कारण मग कसलाच आवाज उरत नसे. मी भात टाकायचा, ताकाबरोबर जेवायचं, ताट घासायचं. गावात सगळे मला मान देत. रस्त्यानं जाताना लोक बाजूला होत. पण 'मास्तर, या, बसा घटकाभर' असं कोणी म्हणत नसे. मी ना त्यांच्या जातीतला, ना वाडीतला, ना त्यांच्या भांडणांतला. पाया पडणारे पुष्कळ होते, पाठीवर हात ठेवणारा एकही नव्हता. न्हाव्याचा हात सोडला तर वर्षावर्षात कोणा माणसाचा हात माझ्या अंगाला लागला नसेल. पायाला लागत, ते सोडा. तो स्पर्श माझ्यासाठी नसतोच, तो वरच्या पायरीसाठी असतो.

दसऱ्याला शाळेच्या पटांगणात आमच्या खेळांचा कार्यक्रम झाला. मी सुरेवाला पाडला, लाठीवाला पाडला, शेवटी तिघांना एकदम पाडलं. टाळ्या पडल्या. गर्दी पांगल्यावर कुंपणाशी एक माणूस तसाच उभा होता. माझ्याच वयाचा, तिशीच्या अलीकडचा, काळासावळा, मानेनं जाड, आणि नाक एकदा मोडून जुळलेलं. अंगात विलायती पट्ट्यापट्ट्यांची बनियन. हा मोहल्ल्यातला आगबोटीवरचा खलाशी. मंदीमुळं बोटी गोदीत अडकून पडल्या होत्या आणि तो काम नसल्यानं घरी बसला होता, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"मास्तर, राग नका मानू," तो म्हणाला. "एक इचारू?"

"विचार."

"ह्यो तुमचा खेल खऱ्या मारामारीत चालतो का?"

मला राग आलाच. न मानायला सांगितला म्हणून राग थोडाच थांबतो! मी म्हटलं, "ही शेकडो वर्षांची विद्या आहे."

"तसा न्हाय इचारला मी," तो म्हणाला. "चालतो का?"

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या गोऱ्यांकडून तो ठोसेबाजी शिकला होता, बंदरोबंदरी लढलाही होता. एखाद्या सुताराला दुसऱ्याची करवत हातात घेऊन बघावीशी वाटते ना, तसं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर ये, म्हणजे दाखवतो. उगीच गावासमोर कोणाला कशाला पाडा, असा माझा मोठेपणा.

सकाळी आम्ही दोघं ओल्या वाळूवर उभे राहिलो. तो म्हणाला, "मारू?" मी म्हटलं, "मार." मी पाय रोवले, हात पुढं धरले आणि थांबलो. कशासाठी थांबलो ते आता सांगायला हसू येतं. तो वाराचं नाव घेईल म्हणून थांबलो. इतक्या वर्षांची सवय ती. कान टवकारून उभा होतो की हा आता 'शीर' म्हणतो की 'तमाचा', आणि तेवढ्यात माझ्या नाकावर काहीतरी आदळलं आणि मी वाळूत बसलो. आभाळ दिसत होतं. नाकातून गरम गरम काही ओठावर येत होतं.

"मास्तर!" तो घाबरून खाली बसला. "तुमी हललाच न्हाय! उभं का ऱ्हायला?"

त्यानं माझ्या मानेखाली हात घातला आणि दुसऱ्या हातानं समुद्राचं पाणी माझ्या नाकावर मारलं. मला लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण खरं सांगतो, त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. कोणीतरी माझ्याकडे बघून, माझ्यावर नेम धरून, माझ्या तोंडावर मारलं होतं. मास्तराला नव्हे, मला. आणि आता मान धरून बसला होता. त्या खारट पाण्यात मी हसायला लागलो. त्याला वाटलं माझ्या डोक्याला मार लागला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. मग तो रोजचाच नेम झाला. सांगायला जड जातं, पण कित्येक दिवस मला त्याचं मनगट दिसलंसुद्धा नाही. काठीचा वार लांबून, गोल येतो. त्याचा ठोसा छातीपासून सुटायचा आणि मी हात उचलेपर्यंत परत छातीशी गेलेला असायचा. मनगट धरू म्हणता तिथं नुसती हवा. आणि एकदाचं धरलं, तर दुसरा हात मोकळाच की! माझी पोरं मनगट धरल्यावर दुसरा हात गुरवाच्या गाईसारखा गरीब लोंबत ठेवायची. याचा दुसरा हात माझ्या बरगडीत यायचा. मी आपला वस्तादांचा एकेक डाव आठवून करायला जायचो आणि एकेक डाव वाळूत पुरून यायचो. शाळेत जाताना सुजलेला गाल बघून लोक विचारत, मी म्हणे दाढ दुखते. माझ्या दाढेची गावाला काळजी लागून राहिली. कोणी लवंग पाठवली, कोणी लवंगेचं तेल.

मला स्वतःचाच संताप यायचा. इतकी वर्षं मी काय शिकलो? नाच शिकलो? वस्तादांना खोटं म्हणवत नव्हतं, कारण मला खरं असं दुसरं काहीच नव्हतं. ना घर, ना माणूस. एक विद्या होती आणि तिच्या जोरावर मी त्या परक्या गावात ताठ मानेनं चालत होतो. ती पोकळ निघाली तर मी कोण? खलाशाला मी हे एकदा बोलून दाखवलं. मार खाऊन झाल्यावर आम्ही पालथ्या घातलेल्या होडीवर बसत असू, तो घरून तांदळाची भाकरी आणि कालचं कालवण आणायचा. तो चावत चावत विचार करत राहिला.

"मास्तर, तुमचा डाव खोटा न्हाय," तो म्हणाला. "पन तुमाला कोनी मारलाच न्हाय कदी. आमाला बोटीवर पयला मार मिलतो, मंग शिक्शन. तुमचा उलटा झाला."

"मग आता?"

"आता खावा."

असं म्हणून त्यानं मला भाकरीचा तुकडा दिला. मग म्हणाला, "एक सबूद देतो. मी तुमाला फसवनार न्हाय. ज्या दिवशी पडन त्या दिवशी खराच पडन."

या शब्दाची मला किती किंमत होती ते कोणाला कळणार नाही. सगळं गाव माझ्यापुढं खोटं पडत होतं, तेही आदरानं. एक माणूस असा होता, की तो पडला तर ते खरं असणार होतं. बिनोट खरी की खोटी, हे मला सांगू शकेल असा सगळ्या मुलखात तो एकटाच. तो येईना अशी सकाळ उगवली तर मी दिवसभर पोरांवर खेकसायचो. एकदा तो थळला बहिणीकडे गेला होता, तेव्हा मी किनाऱ्यावर एकटाच उभा राहून आलो. समोर कोणी नसताना हात पुढं धरून उभं राहिलेला माणूस किती खुळा दिसतो! पण खोलीत थांबवत नव्हतं.

हळूहळू माझ्यात फरक पडला. मी नाव ऐकायला थांबणं सोडलं. त्याच्या तोंडाकडे बघणं सोडून खांद्याकडे बघू लागलो. खांदा हलायच्या आधी पाय वाळूत किंचित रुततो, तेही दिसू लागलं. मनगट धरायच्या मागं न लागता नुसतं बाजूला व्हायला शिकलो. होळी गेली, उन्हाळा गेला. पावसात किनारा खवळला तेव्हा आम्ही उंडीच्या झाडांमागं चिखलात लढलो. आणि श्रावणाच्या तोंडाशी एक सकाळ अशी आली, की त्याचा उजवा हात आला, मी आत शिरलो, आणि त्याचं कोपर माझ्या हातात होतं. कसं ते मलाच कळलं नाही. तो एका पायावर फिरला, तोल जाता जाता सावरला आणि हिसडा मारून सुटला. पण फिरला! मी फिरवलं! दोघंही थबकून एकमेकांकडे बघत राहिलो.

"ह्यो!" तो ओरडला. "ह्यो काय होता?"

"तो वस्तादांचा डाव," मी म्हटलं.

"थोडा अजून," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "थोडासाच अजून, मास्तर. महिनाभरात तुमी मना पाडनार."

महिनाभर मिळायचा नव्हता. आम्ही समजत होतो की किनाऱ्यावर आम्हाला कोणी बघत नाही. खाली कोणी नसायचं हे खरं, पण माडीसाठी माडावर चढलेला भंडारी वरून सगळं बघत होता, आणि तोही रोज. भंडाऱ्याला माडावर दुसरी करमणूक काय! त्यानं माडीबरोबर ही बातमीही घरोघर पोचवली, की मास्तर रोज सकाळी खलाशाकडून मार खातो. माझ्या दाढेचा उलगडा झाला. लोक आता रस्त्यात बाजूला होत, पण होताना तोंडावर हात ठेवत.

शाळेच्या कमिटीचे मुख्य एक बडे बागायतदार होते. बोलणं गोड, पण मारायचं ते नेमकं मारणारे. त्यांनी मला ओटीवर बोलावलं. स्वतः झोपाळ्यावर बसले, मला समोरच्या बाकावर बसवलं.

"मास्तर, लोक काय काय बोलतात," ते म्हणाले. "आमची मुलं तुमच्याकडे शिकतात. ते काही कामाचं आहे की नुसता नाच आहे, हे आम्हाला कळायला नको? नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर असतं. तिथं होऊन जाऊ दे. तुम्ही आणि तो खलाशी. तुम्ही त्याला बसवलंत तर बोलणाऱ्यांची तोंडं बंद. नाही बसवलंत, तर मग शाळेनं कवायत मास्तर कशाला ठेवायचा, सांगा बरं?"

ओटीच्या पायऱ्या उतरताना मला जाणवलं, की नोकरीचं मला तितकंसं वाटत नाहीये. मला वाटत होतं ते वेगळंच. गावासमोर का होईना, पण खरं काय ते कळेल. खलाशी मला फसवणार नाही. मी पडलो तर पडलो. आणि जर ते कोपर पुन्हा हातात आलं, तर या जन्मात मला दुसरं काही नको.

मी त्याला सगळं सांगितलं, नोकरीचंही. तिथंच माझं चुकलं असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं, पण आमच्यात लपवाछपवी नव्हती आणि भंडारी असताना लपणार तरी काय.

"नोकरी गेली तर तुमी कुठं जानार?" त्यानं विचारलं.

"कुठं जाणार? मला कोण आहे?"

हे मी सहज बोललो होतो. त्यानं ते मनात ठेवलं.

"एवढंच कर," मी त्याला बजावलं, "नेहमीसारखा मार. लोक बघतायत म्हणून हात आखडू नकोस."

"व्हय," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून झाला, होड्यांची पूजा झाली, तरणी पोरं नारळावर नारळ आपटून फोडण्याच्या पैजा लावत होती. कोळी, भंडारी, माळी, मोहल्ल्यातले लोक, सगळे जमले होते. वाळूत दोरीचं रिंगण केलं होतं. बागायतदारांना बसायला खुर्ची आणली होती. माझी पोरं माझ्या बाजूला गोळा झाली होती, बिचाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मी रिंगणात गेलो तेव्हा मला भीती वाटत नव्हती. उलट असं वाटत होतं, की आपण दोघंच तर आहोत, बाकी सगळे माड आहेत.

पहिला ठोसा त्यानं खरा मारला. माझ्या खांद्याला चाटून गेला आणि माझं अंग सुखावलं. दुसराही खरा. मी बाजूला झालो, लोकांनी आ केला. मी त्याचा खांदा बघत होतो, पाय बघत होतो, सगळं जिथल्या तिथं होतं. माझ्या मनात आलं, आता. आता येईल, आणि मी आत शिरेन.

आणि तो ओरडला, "शीर!"

मोठ्यांदा, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा. मग त्याचा हात आला, लांबून, गोल, माझ्या पोरांच्या काठीसारखा, ताटात वाढलेला. माझ्या हातांनी ते मनगट धरलं. मी धरू नये असं ठरवायला वेळच नव्हता, इतक्या वर्षांचे हात ते, नाव ऐकलं की आपोआप चालतात. त्याचा दुसरा हात गरिबासारखा लोंबत होता. तो माझ्याभोवती फिरला आणि वाळूत पडला. किती सुबक पडला! जन्मभर पडत आल्यासारखा.

गाव नुसतं गरजलं. पोरांनी मला खांद्यावर घ्यायला धाव घेतली. तो उठला, अंगावरची वाळू झटकली, आणि माझ्यापुढं वाकून त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावला व तोच हात आपल्या छातीला लावला. आमच्या आखाड्यात असं करत. होडीवर बसून मीच त्याला ते कधीतरी सांगितलं होतं. मग तो म्हणाला, "वस्ताद." तोवर तो मला मास्तरच म्हणत आला होता. बागायतदार खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. आमच्या नारळी पौर्णिमेला अशी मजा कधी आली नव्हती, असं म्हातारी माणसंही म्हणत होती.

नोकरी राहिली. त्याच नोकरीत मी म्हातारा झालो. लोक मला ओटीवर बोलावू लागले, लग्नामुंजीत पहिल्या पंगतीला बसवू लागले. आजही माझ्याबद्दल गावात सांगतात, की मास्तरानं गोऱ्यांना ठोसे मारणारा खलाशी एका हातानं लोळवला. मी ऐकून घेतो. मी खरं सांगितलं तर लोक म्हणतात, काय ही मास्तरांची नम्रता!

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. रात्रभर मला झोप नव्हती. उजाडताच मी किनाऱ्यावर गेलो. मला वाटलं होतं तो येणार नाही, पण तो आधीच येऊन उभा होता. बोटीचं काम निघालं होतं, दुपारी त्याला रेवसला जाऊन मुंबईची लाँच गाठायची होती. निरोप घ्यायला आला होता. त्याच्या हातात भाकरीची पुरचुंडी होती, माझ्यासाठी आणलेली.

"तू शब्द दिला होतास," मी म्हटलं.

"मी खराच पडलो, वस्ताद."

"खोटं बोलू नकोस. निदान तू तरी बोलू नकोस!"

मी धोतर खोचलं आणि पाय रोवून उभा राहिलो. "ठीक आहे. झालं ते झालं. आता कोणी नाही. मार मला. नेहमीसारखा मार. मला एकदा कळू दे."

त्यानं पुरचुंडी वाळूत ठेवली. समोर आला. हात उचलले. त्याची मूठ निघाली आणि माझ्या गालाशी येऊन थांबली, बाळाच्या गालाला लावावी तशी. मी म्हटलं, जोरानं. त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मी त्याला शिव्या दिल्या. ज्या मी कधी तोंडातून काढल्या नव्हत्या त्या दिल्या, त्याच्या आईच्या, त्याच्या बोटीच्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"न्हाय होत, वस्ताद," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "काल मनापासून पाया पडलो. तुमी ऱ्हावं, येवडाच होता मनात. आता तुमच्यावर हात उठत न्हाय. मी काय करू?"

तेव्हा मी त्याच्या कानशिलात मारली. चांगली सणसणीत, सगळा जोर लावून. पोरवयापासून आजवर मी कोणाला असं मारलं नव्हतं. त्याचं डोकं बाजूला वळलं. मी मूठ यायची वाट बघत उभा राहिलो, छातीशी हात धरून, त्याच्या खांद्याकडे बघत. येऊ दे, म्हटलं, एकदा येऊ दे.

त्यानं तोंड सरळ केलं आणि दुसरा गाल पुढं केला.

"मारा," तो म्हणाला. "तुमचा हक हाय."

मी तिथंच वाळूत बसलो आणि मोठ्यांदा रडलो. तो जवळ उभा होता, पण मला धरायला खाली बसला नाही. वस्तादाला कसं धरणार?